'माझा प्रवास' पुढच्या हाती द्यायचा आहे

सुरूचं_बन

नमस्कार मंडळी. विष्णुभट गोडसे वरसईकर यांच्या 'माझा प्रवास'ची एक प्रत माझ्याकडे आहे, दत्तो वामन पोतदारांनी संपादित केलेली, १९६६ची. ती विकायची नाही. कोकणात राहणाऱ्या किंवा कोकणात घर असलेल्या कुणाला तरी वाचायला द्यायची आहे, आणि त्यांनी वाचून पुढच्याला द्यावी एवढीच इच्छा आहे.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पेण तालुक्यातल्या वरसई गावचे हे भिक्षुक. घरावर कर्ज होतं. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, असं कानावर आलं म्हणून १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि सापडले ते बंडाच्या ऐन मध्यात. झाशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा ते शहराच्या आत होते. तोफगोळे, तहान, शहर पडल्यावरची लूट आणि कत्तल, सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. यज्ञ राहिला बाजूला. मिळवलेला पैसा वाटेत लुटला गेला. घरी परतले ते गंगेची कावड घेऊन.

माझं सगळ्यात आवडतं पान काल्पीच्या वाटेवरचं. झाशी सोडून आलेली राणी एका विहिरीपाशी येते, पठाणी वेशात, धुळीनं माखलेली, तहानलेली. भटजी ओळखतात आणि पाणी काढून द्यायला पुढे होतात. ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी तुम्ही पाणी काढू नका, मीच काढून घेते. राणीबद्दल मी पुष्कळ वाचलं आहे, पण ती मला खरीखुरी भेटली ती या विहिरीवर. लढाईबिढाई काही नाही तिथे, तहान लागलेली एक बाई आहे आणि तिचा मान राखून बोलणारा एक गरीब माणूस आहे.

हे पुस्तक मला माझ्या आत्यानं दिलं. तिनं ते कित्येकांना वाचायला दिलेलं होतं आणि दर वेळी ते परत आलं होतं. आता आमच्या वाडीतली निम्मी घरं वर्षभर बंद असतात. गणपतीला उघडतात तेव्हा पोटमाळ्यावरच्या पेट्या खाली येतात आणि आत पुस्तकांचा भुगा निघतो. या वर्षी शेजारच्या घरातून अशी एक अख्खी पेटी वाळवीनं संपलेली निघाली. तेव्हाच ठरवलं की आपलं पुस्तक आपण धडधाकट असतानाच, वाचणाऱ्याच्या हातात गेलेलं बघायचं.

मी गुहागरच्या बाजूला असते. कुणाला हवं आहे?

तांबडी_माती

मला हवं आहे ताई! मी दापोलीत शिकते. हे पुस्तक आमच्या एका सरांच्या तोंडून ऐकलंय, हातात कधीच आलं नाही. दुकानात मिळणाऱ्या आवृत्त्या वेगवेगळ्या दिसतात, त्यातली कुठली घ्यावी ते कळत नाही. मी पहिली असले तर चालेल का?

आणि एक सुचवू का? प्रत्येकानं समासात पेन्सिलीनं थोडं थोडं लिहावं. कुठे थांबलो, काय आवडलं. पुढच्याला मागच्यांची सोबत होईल.

चाकरमानी_डोंबिवली

माझाही नंबर लावा. घर श्रीवर्धनजवळ, पोट डोंबिवलीत. वडील मुंबईहून बोटीनं गावी यायचे त्या दिवसांबद्दल भरभरून बोलायचे. आमच्या पिढीनं रात्रीची एसटी आणि मग कोकण रेल्वे एवढंच पाहिलं. पायी उत्तर हिंदुस्थानात गेलेल्या आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाचं पुस्तक मी अजून वाचलेलं नाही, हे मनाला लागलं.

दप्तरखाना

धागा वाचून फार बरं वाटलं. पण समासात लिहिण्याला माझा ठाम विरोध आहे, आणि कारण याच पुस्तकाच्या इतिहासात आहे.

भटजींनी हा वृत्तान्त लिहिला तो प्रवासाला पंचवीसेक वर्षं उलटून गेल्यावर, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून. लिहून त्यांच्याच हवाली केला. गोडसे भटजी हयात असताना तो छापला गेला नाही. बंडात काय काय पाहिलं हे इंग्रजी अमलात छापणं सोपं नव्हतं. १९०७ साली वैद्यांनी तो प्रसिद्ध केला, पण जसाच्या तसा नाही. भाषा बदलली, काही गाळलं, काही आपल्या पद्धतीनं मांडलं. मूळ हस्तलिखित त्यांनी पुढे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे दिलं. तिथून ते पोतदारांच्या हाती आलं आणि १९६६ साली भटजींचा स्वतःचा मजकूर पहिल्यांदा वाचकांसमोर आला. म्हणजे १९०७पासून १९६६पर्यंत लोक जे वाचत होते त्यात भटजी होते आणि वैद्यही होते, आणि कुठे कोण बोलतंय ते वाचणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता.

वैद्यांना मी दोष देत नाही. ते मागे लागले नसते तर भटजींनी लिहिलंच नसतं, आणि त्यांनी कागद सांभाळून मंडळात दिले नसते तर पोतदारांना काहीच मिळालं नसतं. आजही हे पुस्तक आपल्याला वाचायला मिळतं त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. पण एकाच माणसाच्या हातून एका पुस्तकाचं भलंही झालं आणि त्यात फेरफारही झाले. म्हणून म्हणतो, दुसऱ्याला द्यायचं तर जसं मिळालं तसं द्या.

तांबडी_माती, कुठली आवृत्ती घ्यावी याचं उत्तरही यातच आहे. संपादक म्हणून पोतदारांचं नाव असेल तर मूळ मजकूर. ताईंची प्रत तीच आहे, ती वाचा. वैद्यांची नंतर हाती आली तर एखादं प्रकरण दोन्हीकडे काढून शेजारी ठेवून बघा. मी झाशीचं प्रकरण तसं वाचलं होतं. रात्रभर झोप आली नाही.

तांबडी_माती

दादा, पटलं. पण मग मागच्या वाचकाचं काहीच पुढच्यापर्यंत जायचं नाही का? नुसतं पुस्तक मिळणार असेल तर ते दुकानातूनही मिळेल. ताईंच्या आत्याच्या हातचं म्हणून तर ते मला हवंय.

सुरूचं_बन

दोघांचंही बरोबर वाटतंय. पुस्तकाबरोबर एक वही देते. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. ज्याला जे लिहायचं ते वहीत, पानाचा आकडा घालून. पुस्तकावर पेन्सिलसुद्धा नको. पहिलं पान मी लिहीन, आत्याबद्दल.

बांधणीकाम_रत्नागिरी

माझं काम पुस्तकबांधणीचं. १९६६ची प्रत म्हणजे इतक्या हातांत फिरवण्याआधी एकदा नीट बघायला हवी. ताई, पुस्तक टेबलावर मधोमध उघडून ठेवा. पानांचे जुज (एकत्र शिवलेल्या पानांचे गठ्ठे) शिलाईला घट्ट आहेत की एखादा पुढे सरकलाय? पाठ सुटली आहे का? पान कोपऱ्यात दुमडलं तर तुकडा पडतो का?

सुरूचं_बन

पाठीचा कपडा खालून सुटलाय. शिलाई घट्ट वाटते. सुरुवातीचं एक पान फाटलंय, तिथे कुणीतरी चिकटपट्टी लावली होती, ती पिवळी पडून कडक झाली आहे. पानं पिवळसर आहेत पण दुमडल्यावर तुटत नाहीत.

बांधणीकाम_रत्नागिरी

शिलाई शाबूत आहे म्हणजे जीव आहे. चिकटपट्टी ओढून काढू नका, अक्षरं घेऊन निघेल. आहे तशी राहू द्या आणि नवीन तर अजिबात लावू नका. चिकटपट्टीनं जेवढी पुस्तकं खराब केलेली मी बघतो तेवढी वापरूनही होत नाहीत. फाटलेलं पान जोडायचं तर पातळ कागदाची पट्टी आणि खळ. आम्ही खळीत चिमूटभर मोरचूद घालतो, किडा लागत नाही. ते विषारी असतं, म्हणून लहान मुलांच्या घरात हा उद्योग करू नये.

पाठीचं काम माझ्याकडे आलं की करून देतो. पैसे नकोत, माझं नाव वाचणाऱ्यांच्या यादीत घाला. तोवर साधं खाकी कव्हर घाला, प्लास्टिकचं नको. प्लास्टिकच्या आत दमट हवा अडकते आणि आपल्याकडे पुठ्ठ्याला बुरशी धरते ती तिथूनच.

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणचा. वाचनालयात बरीच वर्षं काम केलं, आता निवृत्त आहे. ताई, राग मानू नका, पण असं पुस्तक फिरवण्यापेक्षा वाचनालयाला द्यावं असं मला वाटतं. दाखल क्रमांक पडला की ते कुणा एकाचं राहत नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं आहे, आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४चं. भटजी बंडातून परतल्यावर थोड्याच वर्षांत आमच्या गावात लोक एकत्र येऊन पुस्तकं वाचायला लागले होते. दीडशे-दोनशे वर्षं पुस्तकं हातोहात देत राहण्याचं काम याच संस्थांनी केलं आहे.

जयगडची_बत्ती

काका, वाचनालयाचं महत्त्व मान्यच. पण वाचनालयापर्यंत पोचणारे किती? आमच्या खाडीच्या दोन्ही बाजूंना अशी गावं आहेत जिथून तालुक्याचं वाचनालय गाठायला अख्खा दिवस जातो.

वाशिष्ठीकाठ

ते खरं आहे. मी का म्हणतो तेही सांगतो. २००५ला आणि पुन्हा २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा वाचन मंदिरातही शिरलं. दोन्ही वेळा पुस्तकं गेली. चिखलात फुगलेली पुस्तकं पाहिली की माणूस एखादं पुस्तक कुणाकडे सोपवताना दहा वेळा विचार करतो.

त्या अनुभवातून एक सांगतो, सगळ्यांनी लक्षात ठेवा. पुस्तक भिजलं तर उन्हात टाकू नका, पानं वाकडी होतात आणि एकमेकांना चिकटतात. झटकू नका. उभं करून पानं जराशी पंख्यासारखी उघडी ठेवा, मध्ये मध्ये कोरे टिपकागद घाला, ओले झाले की बदला, आणि पंख्याखाली सावलीत वाळू द्या. लगेच जमणार नसेल तर पिशवीत घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. आपल्या हवेत दोन दिवसांत बुरशी धरते, गोठवलं की ती थांबते आणि वाळवायला सवड मिळते.

माझा विरोध मागे घेतो, पण एका अटीवर. फिरणं संपल्यावर पुस्तक वाचनालयात यावं, वहीसकट. कुठल्या, ते आपण सगळे मिळून ठरवू.

सुरूचं_बन

काका, अट आनंदानं मान्य. वहीसकट हे तर फारच आवडलं.

पेणकर_मूर्तिकार

आमच्या पेणच्या माणसाचं पुस्तक आणि पेणचं कुणी नाही? वरसई आमच्यापासून जवळच. एक गोष्ट इथे कुणी बोललेलं नाही, ती सांगतो. बाळगंगा धरणाच्या बुडीत क्षेत्रात जी गावं येतात त्यांत वरसईचंही नाव आहे. ज्या गावातून भटजी निघाले आणि ज्या गावात कावड घेऊन परतले, त्या गावाच्या नशिबात काय लिहिलंय याची काळजी तिथल्या लोकांना कित्येक वर्षं लागून राहिली आहे. पुस्तकाची सुरुवात वरसईपासून व्हावी. मी स्वतः घेऊन जाईन. तिथल्या शाळेतल्या मुलांना चार पानं वाचून दाखवीन, विहिरीचं पान धरून.

चाकरमानी_डोंबिवली

अंगावर काटा आला. मी माझा नंबर सोडतो, आधी वरसई.

जयगडची_बत्ती

मग माझ्या डोक्यात आलंय ते ऐका. पुस्तक वरसईहून खाली दक्षिणेकडे किनाऱ्या-किनाऱ्यानं येऊ दे, आणि खाड्या फेरीबोटीनं ओलांडू दे. पोस्टानं नको. माणसानं माणसाच्या हातात द्यायचं.

पेणहून अलिबाग, मुरूड करत आगरदांडा. तिथून राजपुरीची खाडी ओलांडून दिघी. मग श्रीवर्धन, आपले चाकरमानी दादा तिथे. पुढे बागमांडल्याहून बाणकोटची खाडी ओलांडली की वेश्वी, म्हणजे दापोलीची ताई. दाभोळला वाशिष्ठी ओलांडून धोपावे, मग सुरूचं_बन ताईंचं गुहागर. तवसाळहून शास्त्रीच्या खाडीवरून आमचं जयगड. पुढे रत्नागिरी, तिथे पाठ दुरुस्त होईल. मग राजापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला.

लोक म्हणतात की सागरी महामार्गाचे सगळे पूल झाले की फेरीबोटी जातील. होतील तेव्हा होतील. आज तरी या बोटींवर अलीकडचे आणि पलीकडचे लोक भेटतात. गाडी लागेपर्यंत बोलतात, एकमेकांच्या गावची खबर घेतात. पुस्तक द्यायला धक्क्यापेक्षा चांगली जागा मला तरी माहीत नाही. एक जण या तीरावरून चढेल, दुसरा त्या तीरावर उभा असेल. भटजी पायी गेले, निदान त्यांचं पुस्तक तरी लिफाफ्यातून जायला नको.

तांबडी_माती

वेश्वीच्या धक्क्यावर मी उभी राहीन!!

मालवणी_तारू

माका पण ह्या पुस्तक वाचूचा आसा. मालवणाक इला काय सांगा, मी खंय म्हणशात थंय येवन घेतंय. देवगडाक इला तरी येतंय. आमच्या आजोबांका वाचूची लय हौस होती, पन घरात आता एकव पुस्तक ऱ्हवला नाय. माज्या चेडवाक वाचून दाखवतलंय.

दप्तरखाना

एक व्यावहारिक शंका. धक्क्यावरची भेट जमली नाही तर? पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद असतात. आणि कुणाकडे किती दिवस?

सुरूचं_बन

विचार करून उत्तर देते आहे. पुस्तक दिवाळीनंतर निघेल आणि पाऊस सुरू व्हायच्या आत जिथे असेल तिथे थांबेल. ज्याच्याकडे थांबेल त्यानं चार महिने सांभाळायचं, जमिनीवर नाही, भिंतीला टेकून नाही, कपाटात वेखंडाचे तुकडे ठेवून. आमच्याकडे आत्या कडुनिंबाचा पालाही घालायची, पण तो सुकला नाही तर दमटपणा धरतो, म्हणून वेखंडच बरा. आठवड्यातून एकदा बाहेर काढून पानं चाळायची. नुसतं चाळायला म्हणून काढलं तरी चार पानं वाचून होतात.

दिवसांचं बंधन घालत नाही. एक प्रकरण दोनदा वाचावंसं वाटलं तर वाचा. वाचायला वेळ मिळत नाहीये असं वाटलं तर मात्र मनात अपराधी न होता इथे सांगा, पुढच्याला देऊ, पुन्हा तुमच्याकडे येईल. हरवलं तरी सांगा. कुणी कुणाला बोलणार नाही.

भेट अगदीच जमेना तर गावी जाणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या हाती द्या, तेही नाही तर स्पीड पोस्ट. (रजिस्टर पोस्ट वेगळं राहिलेलं नाही, सप्टेंबर २०२५पासून ते स्पीड पोस्टमध्येच धरलं आहे.) पाठवताना वही आणि पुस्तक एकाच पाकिटात, आत मेणकापड, दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा.

माझ्याकडून पेणला कसं न्यायचं तेवढा प्रश्न आहे.

चाकरमानी_डोंबिवली

तो सुटला. दिवाळीत सासुरवाडीला चिपळूणला येतोय. परतताना पेणवरूनच जातो. वाशिष्ठीकाठ काका, ताईंकडून पुस्तक तुमच्यापर्यंत आलं तर मी तुमच्याकडून उचलतो.

वाशिष्ठीकाठ

जरूर. गुहागर-चिपळूण एसटी दिवसभर असते, मीच जाऊन घेऊन येईन. आणि आलंच आहे घरात तर एक रात्र माझ्याकडे ठेवून घेईन. पूर्वी वाचलंय, पण छापील वैद्यांचं. पोतदारांचं वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर कितीदा हातातून गेलं असेल, घरी कधी नेलं नाही.

सुरूचं_बन

एक रात्र का काका, आठवडाभर ठेवा. चाकरमानी दादांना यायला अवकाश आहे.

दप्तरखाना

मी पुण्यात असतो, कोकणात घर नाही, म्हणून यादीत बसत नाही. पण १९०७च्या मजकुराची एक जुनी प्रत माझ्याकडे आहे. पुस्तक रत्नागिरीला बांधणीसाठी थांबेल तेव्हा तीही तिथे पाठवतो. पुढच्या टप्प्यात दोन्ही बरोबर जाऊ देत. ज्याला ताडून बघायचं त्याला बघता येईल.

बांधणीकाम_रत्नागिरी

पाठवा. दोन्हींना एकाच मापाची पेटी करून देतो, सुती कापडाची.

मालवणी_तारू

दोन पुस्तका! बरा झाला, थोरल्याक एक, धाकट्याक एक.

सुरूचं_बन

यादी अशी धरते: वाशिष्ठीकाठ काका, मग चाकरमानी दादांच्या हातून पेणकर_मूर्तिकार, वरसईची शाळा, तिथून परत चाकरमानी दादा श्रीवर्धनला (या वेळी वाचायला), तांबडी_माती, जयगडची_बत्ती, बांधणीकाम_रत्नागिरी, आणि पावसाआधी जमलं तर मालवणी_तारू. राजापूर, विजयदुर्ग, देवगड आणि वेंगुर्ल्याकडचं अजून कुणी नाही. त्या बाजूचे कुणी वाचत असाल तर नाव द्या. मुरूड-आगरदांड्याकडचंही एक माणूस हवं आहे, नाहीतर पेणहून श्रीवर्धनपर्यंत मधे कुणाचाच हात लागणार नाही.

काका, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. शनिवारी घरी आहे.